पाऊस सरासरीइतका झाला म्हणतात, मग आमचं वावर कोरडं कसं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑगस्टच्या पावसाची जिल्हावार टक्केवारी छापली होती आणि त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बहुतेकांचा राग एकाच गोष्टीवर आहे, छापलेला आकडा आणि स्वतःचं वावर काही जुळत नाही. राग बरोबर आहे. आकडाही बहुतेक वेळा बरोबरच असतो, फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काढतात तो प्रश्न तुमच्या शेताचा नसतो. जमेल तेवढं उलगडून सांगते.

प्रश्न : ताई नमस्कार. पेपरात आलं की ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात सरासरीएवढा पाऊस झाला. आमच्याकडे जवळपास तीन आठवडे उघाड होती, सोयाबीन फुलावर होतं, दुपारी पानं माना टाकत होती, फुलं गळून सरीत पडली. मग महिना संपता संपता दोन दिवस असा पाणी आला की धुरे फुटले. ऑफिसात विचारलं तर म्हणे महिन्याचा पाऊस नॉर्मल आहे. याले नॉर्मल काऊन म्हणतात?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुम्ही लिहिलंय ते आणि पेपरात आलंय ते दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि त्यातच सगळी अडचण आहे. महिन्याची सरासरी म्हणजे काय, तर बऱ्याच वर्षांच्या ऑगस्टमधला एकूण पाऊस बेरीज करून भागलेला. त्यात किती पडला एवढंच येतं, कधी पडला ते येत नाही. एक तारखेला पडला काय, एकतीसला पडला काय, बेरीज तीच.

दुसरं म्हणजे 'नॉर्मल'ची व्याख्या फार ऐसपैस आहे. हवामान विभागाच्या हिशोबात सरासरीपेक्षा १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तपर्यंत सगळं नॉर्मलच धरतात. २० ते ५९ टक्के कमी असेल तर तूट, तूट ६० टक्के किंवा त्याहून मोठी असेल तर मोठी तूट, आणि वरच्या बाजूलाही तसंच, २० ते ५९ जास्त आणि ६० च्या पुढे खूप जास्त. आता हिशोबाला सोपं म्हणून समजा तुमच्याकडची ऑगस्टची सरासरी ३०० मिमी आहे, तर २४३ मिमी पडला तरी नॉर्मल आणि ३५७ पडला तरी नॉर्मल. मधला फरक ११४ मिमीचा! एक मिमी पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी, तेव्हा करा हिशोब.

त्यातही जिल्ह्याचा आकडा हा जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांचा मिळून असतो. यवतमाळ केवढा लांबलचक जिल्हा, नेरपासून उमरखेड-वणीपर्यंत. वणीकडे पाऊस झोडपून गेला आणि दारव्ह्याकडे ढग नुसते पाहून गेले तरी जिल्हा नॉर्मल दिसतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की कास्तकारानं महिन्याच्या टक्केवारीकडे शेवटी बघावं, आधी तीन गोष्टी बघाव्या, पावसाचे दिवस किती होते, दोन पावसांत सगळ्यात मोठी उघाड किती दिवसांची पडली, आणि एका दिवसात सगळ्यात जास्त किती पडला. चोवीस तासांत २.५ मिमी किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस मोजतात. आपल्या विदर्भात ऑगस्टमध्ये असे साधारण बारा-चौदा दिवस असायला हवेत. ते पाच-सहावर आले आणि बेरीज तेवढीच राहिली, तर समजा की पाणी वाहून गेलं, मुरलं नाही.

कारण असं बघा, कडक उन्हाच्या उघाडीत भर फुलावरचं सोयाबीन दिवसाला चार-पाच मिमी पाणी ओढतं. खोल काळ्या जमिनीत ओल धरलेली असते म्हणून ते तीन आठवडे कसंबसं तग धरेल, पण मुरमाड बरड वावरात दहा-बारा दिवसांतच ओल संपते. मग शेवटी दोन दिवसांत दीडशे मिमी आला तरी गळलेलं फूल परत झाडाला लागत नाही, आणि काळी एकदा भिजून फुगली की वरचं पाणी आत जायला जागाच देत नाही, ते मातीसकट नाल्यात जातं. म्हणजे बेरजेत जो पाऊस तुमच्या बाजूनं मोजला तोच वावरात तुमच्या विरुद्ध गेला.

हे फक्त तुमच्या गावाचं नाही. २०२३ आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, सरासरी २५४.९ मिमी आणि पडला फक्त १६२.७, म्हणजे ३६ टक्के तूट. एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं, पावसाचा पट्टा वर हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की आपल्याकडे असाच खंड पडतो. पण जुलै आणि सप्टेंबर दोन्ही सरासरीच्या वर गेले आणि चार महिन्यांचा आकडा निघाला ९४ टक्के. नुसता ९४ बघणाऱ्याला वाटेल सहा टक्क्यांचं काय एवढं. ज्यानं तो ऑगस्ट वावरात काढला त्याला विचारा.

तुम्ही काय करायचं, तर नुकसानभरपाईचा अर्ज देताना 'पाऊस कमी झाला' असं मोघम लिहू नका, ते आकड्यात लगेच खोडलं जातं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाऊस नव्हता आणि तेव्हा पीक फुलावर होतं असं तारखांनिशी लिहा. तुमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा, रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन साईटवर मिळतो, त्याची प्रिंट काढून जोडा.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की सरकारनं पावसाची सरासरीच कमी करून टाकली म्हणजे दुष्काळ दिसूच नये. खरं आहे का?
— वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : सरासरी बदलली हे खरं, पण मेसेजमध्ये जसं सांगितलंय तसं नाही. देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस आधी १९६१ ते २०१० या पन्नास वर्षांवरून काढलेला होता, तो होता ८८०.६ मिमी. २०२२ मध्ये हवामान विभागानं १९७१ ते २०२० ही पन्नास वर्षं धरली आणि तो झाला ८६८.६. म्हणजे १२ मिमी कमी, टक्क्यात धरलं तर दीड टक्कासुद्धा नाही. दर दहा वर्षांनी जुनं दशक काढून नवं घालायची ही पद्धत जगभर आहे, बऱ्याच ठिकाणी तीस वर्षांची सरासरी घेतात, आपल्याकडे मान्सूनसाठी पन्नास घेतात कारण पावसाचे ओले आणि कोरडे टप्पे काही दशकं टिकतात, तीस वर्षं घेतली तर सगळा एकच टप्पा हाती यायचा. नव्या पन्नास वर्षांचा बराचसा भाग कोरड्या टप्प्यातला आहे म्हणून आकडा खाली आला.

दीड टक्क्यानं कुणाचा दुष्काळ लपत नाही. पण मेसेजमागची शंका मी उडवून लावणार नाही, कारण सरासरी कोणत्या वर्षांची हे पेपरात कधीच छापत नाहीत आणि ते छापायलाच हवं. कुठलाही 'सरासरीपेक्षा इतके टक्के' असा आकडा दिसला की दोन गोष्टी विचारा, कुठल्या वर्षांची सरासरी आणि कुठल्या जागेची. विदर्भाची हंगामाची सरासरी ९४० मिमीच्या आसपास आहे खरी, पण गडचिरोलीत पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच बुलढाण्यात पडतो, मग दोघांना विदर्भाच्या एकाच आकड्याशी ताडून काय उपयोग.

प्रश्न : जुलैमध्ये एका रात्री आमच्या शिवारात एवढा पाणी झाला की पऱ्हाटी आडवी झाली, नाल्याकाठची माती खरडून गेली. पण मंडळाच्या मशीनवर पासष्टच्या थोडं खाली दाखवलं म्हणून अतिवृष्टीच्या मदतीत नाव नाही. पलीकडचं मंडळ बसलं, आमचा आणि त्यांचा धुरा एकच आहे. हा न्याय आहे का?
— वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : न्याय नाहीये, आणि हे मी मोजमापाच्या बाजूनं बोलणारी बाई असूनही सांगते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात. हवामान विभागाचंही तसंच आहे, ६४.५ मिमीपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. रेघ कुठंतरी ओढावी लागते हे समजतं. पण जुलैतला ढगफुटीसारखा पाऊस काही मंडळाची हद्द बघून पडत नाही, दोन-चार किलोमीटरवर निम्म्याचा फरक पडतो, आणि मंडळात मशीन मात्र बहुतेक एकच. महावेध या सरकारी हवामान केंद्रांच्या प्रकल्पामुळे राज्यात दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित केंद्रं लागली हे मोठं काम झालं, तरीपण पंधरा-वीस गावांचा पाऊस एका जागी मोजायचा म्हटलं की असं होणारच.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३०, आणि नोंद आजच्या तारखेला. म्हणजे पहाटे पाचला सुरू झालेली झड दुपारी बारापर्यंत चालली आणि सात तासांत नव्वद मिमी पडला, तर तो दोन तारखांत तुटतो, समजा पन्नास एका दिवशी आणि चाळीस दुसऱ्या दिवशी, आणि पासष्टची रेघ एकाही दिवशी ओलांडली जात नाही. तुमचा पाऊस रात्रीचा होता म्हणता, तरी किती वाजेपर्यंत चालला ते आठवून बघा. स्वयंचलित केंद्रात तासातासाचा पाऊस नोंदलेला असतो, तो लेखी मागा, मागता येतो.

आणि मशीन कशी आहे तेही जाऊन बघा. एका गावात मी स्वतः पाहिलंय, पर्जन्यमापकाच्या कुंपणावर तुरीच्या काड्या वाळत घातलेल्या, वर कडुनिंबाची फांदी आलेली आणि नरसाळ्यात पाला अडकून पाणी कडेनं सांडत होतं. अशा ठिकाणी पासष्टचा पन्नास दिसायला वेळ लागत नाही. नियम असा आहे की आजूबाजूचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. तसं नसेल तर फोटो काढा, तारीख येईल असा काढा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि पाठवा. पीक आडवं झाल्याचा पंचनामा तलाठी आणि कृषी सहायकाकडून होतो, तो मंडळाच्या आकड्यासाठी थांबवून ठेवू नका. २०२३ मध्ये राज्य सरकारनं सततच्या पावसालाही आपत्ती धरायचा निर्णय घेतलाय, म्हणजे एका दिवसाची रेघ ओलांडली नाही तरी रोज रोज पडून नुकसान झालं असेल तर तो मार्ग आहे, चौकशी करा.

प्रश्न : फेब्रुवारीत बातमी होती की सरासरीच्या चारपट पाऊस झाला. मला वाटलं विहिरीला पाणी वाढेल. काहीच झालं नाही, उलट हरभरा गेला.
— वाचक, काटोल तालुका, जि. नागपूर

उत्तर : काका, फेब्रुवारीत आपल्याकडची सरासरीच मुळात थोडक्या मिमीची. बरीच वर्षं जवळपास कोरडी जातात आणि एखाद्या वर्षी एकदोन जोरदार सरी पडतात, त्यांची मिळून ती सरासरी. त्यामुळे एक चांगली सर आली की चारपट, पाचपट असं काहीही निघतं. कोरड्या महिन्यात टक्के बघूच नका, मिमी बघा. तीस-चाळीस मिमीनं विहीर वाढत नाही, वरची वीतभर माती ओली होते.

आणि गारपिटीचं नुकसान तर कुठल्याच सरासरीत दिसत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, गहू झोपला, हरभरा झडला, संत्र्याचा आंबिया बहार मातीत गेला. गारा पडतात दहा-पंधरा मिनिटं, वितळून मोजल्या तर पाणी थोडंच भरतं. तुम्ही संत्र्याच्या पट्ट्यातले, तुम्हाला वेगळं काय सांगू.

प्रश्न : मे महिन्यात माझ्या मोबाईलवर ४७ दाखवत होतं आणि टीव्हीवर सांगितलं तापमान सरासरीपेक्षा एकच अंश जास्त, ४४. उष्णतेची लाट नाही म्हणे. आमच्याकडे दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय ठेवता येत नव्हता.
— वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : मोबाईलवरचं तापमान तुमच्या गावात मोजलेलं नसतं, कॉम्प्युटरनं मोठ्या चौकोनासाठी काढलेला तो अंदाज असतो. खरं मोजमाप पांढऱ्या झापडांच्या लाकडी पेटीत होतं, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, आत हवा खेळते पण ऊन थेट येत नाही. म्हणजे ते सावलीतल्या हवेचं तापमान आहे. उन्हातल्या डांबराचं, टिनाच्या छपराखालचं किंवा उभ्या बसच्या आतलं नाही, ते कितीतरी जास्त असतं आणि अंगाला तेच लागतं. स्वयंचलित सेन्सरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही, ३० मे २०२४ ला नागपुरात एका सेन्सरनं चक्क ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, मग हवामान विभागानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश.

आता लाटेचं. सपाट प्रदेशात तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची सरासरीच ४२-४३ आहे! तिच्यावर साडेचार म्हणजे ४७ व्हायला हवं तेव्हा कुठं या नियमात बसणार. म्हणून दुसरा नियम आहे, सरासरी काहीही असो, ४५ झालं की लाट आणि ४७ झालं की तीव्र लाट. तुमचे ४४ दोन्हीतून सुटले. पण माणसाचं शरीर सरासरी बघून तापत नाही. बाकी ठिकाणी ज्या आकड्यावर शाळा बंद करतील तो आपल्याकडे रोजचा आहे म्हणून तो सुसह्य होत नाही, भर मेमध्ये वखरणी करणाऱ्याला, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना ४४ म्हणजे ४४ च. लाट जाहीर झाली नाही म्हणून कामाची वेळ बदलायची नाही असं करू नका, पहाटे पाच ते दहा आणि मग थेट सायंकाळी, आणि रात्रीचं तापमानही बघत जा, रात्र निवली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं.

प्रश्न : जुलैमध्ये आमच्याकडे पाऊस सरासरीच्या वर, रोवणी वेळेवर झाली, तरी मामा (माजी मालगुजारी) तलाव अर्धाच भरला. असं कसं?
— एक वाचक बहीण, सडक अर्जुनी तालुका, जि. गोंदिया

उत्तर : ताई, रोज रोज दहा-पंधरा मिमीच्या सरी पडल्या असतील तर तसंच होतं. त्या बांधीत मुरतात, धानाला अमृतासारख्या असतात, पण तलावाकडे वाहून जात नाहीत. तलाव भरतो तो जमीन आधी भिजलेली असताना एकदोन दिवस बंगालच्या उपसागराकडून येणारी मोठी झड लागली की. सोयाबीनवाल्या कास्तकाराला जी झड नको असते तीच तुम्हाला हवी असते, म्हणून भंडारा-गोंदियाकडे आणि यवतमाळ-वाशीमकडे एकाच सरासरीचा अर्थ वेगळा निघतो. तलावाकडे येणारे पाट आणि आजूबाजूचा उतार कुणी बांध घालून अडवलाय का तेही एकदा फिरून बघा, जुन्या मालगुजारी तलावांचं निम्मं दुखणं तिथंच असतं.

प्रश्न : मृग लागला की पेरणी, हे आम्ही बापजाद्यापासून करत आलो. आता दोन-तीन वर्षांआड दुबार पेरणी होते. मृग चुकतोय की पाऊस?
— वाचक, रिसोड तालुका, जि. वाशीम

उत्तर : मृग सूर्यावर चालतो, तो ७-८ जूनलाच लागणार. मान्सूननं मात्र तारीख कुणाला दिलेली नाही. विदर्भात तो साधारण जूनच्या मध्यावर येतो, त्यात आठ-दहा दिवस इकडेतिकडे म्हणजे काहीच विशेष नाही. खरा घोळ होतो तो आधीच्या पावसानं. २०२५ चंच घ्या, मान्सून केरळात २४ मेलाच आला, मुंबईत २६ मेला, मे महिना देशात १९०१ पासूनचा सगळ्यात ओला मे ठरला. सगळ्यांना वाटलं यंदा लवकर. आणि मग मे संपता संपता मान्सून जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकलाच नाही, विदर्भ वाट बघत राहिला. ज्यांनी मेच्या ओलीवर किंवा मृगाच्या पहिल्या सरीवर सोयाबीन टाकलं त्यांच्या बियाण्याचं काय होतं ते वावर उकरून बघितलं की कळतं, दाणा फुगलेला असतो, मोड अर्ध्या बोटाचा येऊन वरच्या कोरड्या मातीत थांबलेला असतो, दोन दिवसांनी तो तपकिरी पडतो आणि मग पाऊस आला तरी सडतोच.

कृषी विभाग सांगतं ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ते मला पूर्ण पटतं. आणि हा पाऊस तुमच्या वावरातला हवा, जिल्ह्याचा नाही, आणि एकदोन आठवड्यांत पडलेला हवा, मे महिन्यापासून जमवलेला नाही. मधे कडक उघाड गेली असेल तर मोजणी परत शून्यापासून. बियाण्याच्या आजच्या भावात दुबार पेरणी म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच कर्ज, तेव्हा शेजाऱ्याचं तिफण निघालं म्हणून आपलं काढू नका, पाच-सहा दिवस उशीर झाला तर उतारा थोडा घटतो, बियाणंच गेलं तर सगळंच जातं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलांकडून गावाचा पाऊस मोजून घ्यावा असं मनात आहे. पर्जन्यमापक विकत घ्यायला पैसे नाहीत. घरच्या घरी होईल का आणि त्याची सरासरीशी तुलना कशी करायची?
— वाचक, चिखलदरा तालुका, जि. अमरावती

उत्तर : सर, नक्की होईल, आणि मेळघाटात तर याची जास्तच गरज आहे कारण डोंगराच्या या अंगाला आणि त्या अंगाला पाऊस सारखा नसतो. सरळ बाजूंचा डबा घ्या, वर-खाली सारखाच रुंद, कडा दुमडलेली नको. तोंडाचा आतला व्यास पट्टीनं मोजा. तो ११.३ सेंमीच्या जवळ असेल तर नशीब, कारण मग तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंमी भरतं आणि दर १० मिली पाण्याला १ मिमी पाऊस. मेडिकलमध्ये मिळते ती १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या आणि मुलांना तिनं पाणी ओढून मोजू द्या, पट्टी बुडवून बघण्यापेक्षा हे कितीतरी अचूक येतं. डबा वेगळ्या मापाचा असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ असं क्षेत्रफळ काढा आणि त्याला दहानं भागा, एका मिमीला तेवढे मिली. १५ सेंमी व्यासाच्या डब्याला १७.७ मिली येतात. सातवीच्या मुलांचा हा गणिताचा तास होऊन जाईल.

डबा मोकळ्या जागी ठेवा, छपराच्या पागोळ्यांपासून आणि झाडांपासून लांब, तोंड जमिनीपासून फूटभर उंच, म्हणजे मातीचे शिंतोडे आत जात नाहीत. वाऱ्यानं पडू नये म्हणून तीन दगडांत पक्का बसवा. माकडांची सोय बघा, तुमच्याकडे ती भरपूर आहेत. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, मोजून डबा रिकामा करून परत ठेवायचा, आणि आकडा त्याच दिवशीच्या तारखेला लिहायचा, म्हणजे सरकारी नोंदीशी जुळवता येतो.

वहीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शून्य लिहा. पाऊस नाही पडला तर ०, जागा रिकामी सोडायची नाही, नाहीतर सहा महिन्यांनी कळत नाही की पाऊस नव्हता की मोजायचं राहिलं. रविवारी शाळा बंद असते आणि सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकत्र सापडतं, तेव्हा ते सगळं सोमवारच्या नावावर टाकू नका, दोन्ही तारखांना मिळून एकच कंस काढा आणि 'एकत्र' लिहा. जमलं तर शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या पोराला किंवा पोरीला सुट्ट्यांचं काम द्या.

तुलनेचं म्हणाल तर एका वर्षाच्या नोंदीतून तुमच्या गावाची सरासरी निघत नाही, तिला वर्षं लागतात. पण पहिल्याच महिन्यापासून शेजारच्या मंडळाच्या आकड्याशी ताडता येतं, रोजचा रोजाशी लावा, दोन रंगांच्या पेन्सिलीनं भिंतीवर आलेख काढा. तुमचा आकडा सतत कमीच येत असेल तर आधी डब्याची जागा तपासा, आणि जागा ठीक असेल तर तो फरक खरा आहे, तो ग्रामपंचायतीला आणि कृषी सहायकांना दाखवा. पुढच्या जूनची वाट बघू नका, परतीचा पाऊस आणि थंडीतली अवकाळीही मोजायचीच असते, डबा मिळाला की सुरू करा आणि पहिल्या महिन्याचं पान मला पाठवा, या सदरात छापू.